धूमकेतूसारख्या लघुग्रहांसाठी रीबाउंड: पॅकेज उत्तम, इंटिग्रेटर मात्र पारखून घ्या

हिडाल्गो किंवा डॉन किहोते यांच्यासारख्या, गुरूसापेक्ष टिसरांड गुणांक (कक्षा धूमकेतूसारखी आहे का ते सांगणारा आकडा) ३ पेक्षा कमी असलेल्या लघुग्रहांची लाखो वर्षांची वाटचाल मोजायची असेल, तर रीबाउंड हे मुक्तस्रोत पॅकेज निःशंक घ्या. पायथनमध्ये ते एका आज्ञेत बसते. ग्रहांची नावे दिली की स्थिती आणि वेग नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स सेवेतून आपोआप येतात. तारीख मात्र स्वतः द्या. नाहीतर त्या क्षणाची स्थिती घेतली जाते आणि तीच गणना पुन्हा जुळत नाही.

खरा कस इंटिग्रेटर, म्हणजे कक्षा वेळेच्या छोट्या पावलांनी पुढे नेणारी गणनापद्धत, निवडताना लागतो. डब्ल्यूएचफास्ट वेगवान आहे, पण इथे नकोच. गुरूच्या जवळून जाताना त्याचे ठरावीक पाऊल फार मोठे पडते. मर्क्युरियस ही अडचण नीट सोडवतो: लघुग्रह ग्रहाच्या हिल त्रिज्येच्या (जिथवर ग्रहाचे गुरुत्व सूर्यापेक्षा वरचढ ठरते त्या अंतराच्या) सुमारे ३ पट अंतरात शिरला की गणना आयएएस१५ या बदलत्या पावलाच्या इंटिग्रेटरकडे जाते. बुधाचे वस्तुमान सूर्यात मिळवून शुक्रापासून सुरुवात केली, तर पाऊल ११ दिवसांपेक्षा मोठे ठेवू नका. शुक्राच्या परिभ्रमणकाळाचा तो विसावा भाग.

तरी एक धोका उरतो. कोझाई परिणामामुळे (कक्षेचा कल आणि लांबटपणा यांच्यातील आलटूनपालटून होणाऱ्या बदलामुळे) उत्केंद्रता वाढून उपसूर्यबिंदू, म्हणजे कक्षेतला सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू, बुधाच्या कक्षेच्या आत गेला, तर सूर्याजवळचे ते वेगवान वळण ११ दिवसांच्या पावलात पकडले जात नाही आणि कक्षा खोटीच सरकते. तिथे सरळ आयएएस१५ वापरा. वेळ बराच जास्त लागतो, पण तो पाऊल स्वतः लहान करतो. उपसूर्यबिंदूचा विचार करून रचलेला ट्रेस हा नवा पर्यायही आजमावण्याजोगा आहे.

एकूण ऊर्जेतील त्रुटीवर विसंबू नका. लघुग्रह वस्तुमानरहित कण म्हणून घेतले की त्या ऊर्जेत त्यांचा वाटाच नसतो. कण भरकटले तरी आकडा सुरेख दिसतो. त्याऐवजी पाऊल निम्मे करून सगळी गणना पुन्हा चालवा आणि क्लोनांची, म्हणजे त्याच लघुग्रहाच्या किंचित वेगळ्या कक्षांच्या प्रतींची, वितरणे ताडून पाहा. एकेक कक्षा जुळणार नाही, कारण गुरूच्या भेटींमुळे ती अतिशय बेभरवशाची (केऑटिक) असते.

क्लोन बनवताना कक्षाघटक सुटेसुटे हलवू नका, जेपीएलची सहप्रसरण सारणी (घटकांच्या अनिश्चितता एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत ते सांगणारी) वापरा. तिची संदर्भतारीख प्रकाशित कक्षेच्या तारखेहून वेगळी असू शकते, तिथे हमखास घोळ होतो. दुसरा घोळ कोनांचा: सारणीत अंश, रीबाउंडला रेडियन.

डॉन किहोतेभोवती स्पिट्झर दुर्बिणीला कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन दिसले होते. अशा वस्तूंसाठी वायू सुटल्याने बसणारा रेटा अतिरिक्त बल म्हणून स्वतः लिहून जोडावा लागतो. पॅकेज त्याला मुभा देते.