गिटार अँपचा गेन वाढवतो म्हणून १८ हजार घेतले, आत काय निघालं बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात जे कोण ट्यूब अँप, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर, वाजवतात (किती असणार, बोटावर मोजण्याइतके, पण आहेत) त्यांच्यासाठी लिहितोय. कोल्हापूर आणि गोव्याकडच्या पोरांनी पण वाचा, कारण ज्या मेकॅनिकनं आमचे पैसे घेतले तो माणूस तिकडची कामं पण आपल्याकडं येतात असं स्वतःच सांगत होता. त्याचं नाव, गाव, दुकान काही लिहीत नाही, तक्रार टाकायची आहे.

आधी अँपचं सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. फेंडर कंपनीचा जुना डीलक्स अँप, १९५० च्या दशकातला, त्याचं ५ई३ सर्किट म्हणून प्रसिद्ध आहे, ते मी आणि माझ्या मावसभावानं मिळून बांधलंय. चॅसिस (ज्यावर सगळं सर्किट बसतं तो पत्र्याचा सांगाडा) उद्यमबागेत ओळखीच्या वर्कशॉपमधून पत्रा वाकवून घेतला, पेटी शहापूरच्या सुतारानं केली, ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूब बाहेरून मागवल्या. ट्यूबचे नंबर सांगायचे तर आउटपुटला दोन ६व्ही६, पुढं एक १२एवाय७ आणि एक १२एएक्स७, रेक्टिफायर ५वाय३, सगळं मिळून बारा-पंधरा वॅट. व्हॉल्यूम निम्म्याच्या पुढं नेला की गोड फाटतो, जुन्या हिंदी गाण्यांना आणि ब्लूजला एकदम झकास. पण आमच्या ग्रुपमधली पोरं आता हेवी वाजवतात आणि त्याला हा गेन (सिग्नल किती वाढतो आणि आवाज किती फाटतो ते) पुरत नाही, म्हणून मॉड, म्हणजे सर्किटमध्ये बदल, करायचं ठरलं.

गेन वाढवायचा सगळ्यात साधा उपाय म्हणजे १२एवाय७ काढून त्याच सॉकेटमध्ये १२एएक्स७ घालणं. पिना त्याच, पण पहिलीचा अँप्लिफिकेशन फॅक्टर ४४ च्या आसपास आणि दुसरीचा १००. एवढ्यानं फरक पडतो पण मेटलएवढा नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे एक अख्खी ट्यूब स्टेज, म्हणजे सिग्नल आणखी एकदा वाढवणारा टप्पा, वाढवणं. मार्शल कंपनीनं १९६२ च्या सुमारास फेंडरच्या बेसमन अँपवरून आपला पहिला अँप काढला आणि सत्तरच्या दशकात मास्टर व्हॉल्यूमवालं मॉडेल आणलं, त्यात पहिल्या ट्यूबचे दोन अर्धे जे आधी दोन चॅनेलला वेगवेगळे होते ते एकामागं एक जोडले, आणि तिथनं तो सगळा रॉक-मेटलचा आवाज आला. हा माणूस हे सगळं घडाघडा सांगत होता बरं का. शंभर किलोओहमचा प्लेट रेझिस्टर, दीड किलोओहमचा कॅथोड रेझिस्टर, तोंडपाठ. त्यामुळं सगळेच गप्प बसून ऐकायचे.

म्हणला, चॅसिसला नवीन भोक पाडून नऊ पिनी सॉकेट बसवतो, त्यात एक नवी ट्यूब, वर माझा स्वतःचा सीक्रेट फॉर्म्युला. १८,००० रुपये, जीपेवर, बिल नाही. मधल्या काळात फोन केला की एकच उत्तर, "काय काळजी करूलालास रे, पहिल्या नंबरचं काम हाय."

अँप आला तेव्हा खरंच दणकून वाजला. मागं तीन छोट्या ट्यूब ओळीत, नवीन तर सगळ्यात जास्त पेटलेली, नारिंगी. आत एका कोपऱ्यात काळ्या अराल्डाइटसारखा गोळा होता, त्याला म्हणे हात लावायचा नाही, लावलास तर ग्यारंटी संपली. पहिल्या सॉकेटमधली १२एवाय७ पण त्यानं बदलली होती, ती जुनी मागितली तर "ती गेलेली होती, टाकून दिली." चांगली चालणारी ट्यूब, दिली टाकून!

मग एका कार्यक्रमात आमच्या गायकाच्या ओठाला माईकचा झटका बसला. मी गिटार धरून, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून गात होता. सगळे म्हणले मंडपवाल्याचं वायरिंग खराब, आणि विषय तिथंच संपला.

पुढं खानापूरहून येताना गाडीत अँप आपटला (त्या रस्त्याबद्दल बोलायला गेलो तर वेगळा लेख होईल). घरी येऊन बघतो तर नव्या ट्यूबची काच तडकलेली आणि आतला वरचा चांदीसारखा डाग पांढराफट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तो डाग म्हणजे गेटर, ट्यूबमध्ये हवा शिरली की तो पांढरा पडतो, पांढरा पडला म्हणजे ट्यूब मेली, त्यात शंका नाही. आता आवाज येणारच नाही म्हणून सहज चालू केला, आणि अँप पूर्वीसारखाच फुल गेनमध्ये बोंबलत होता. वर ती मेलेली ट्यूब पण तशीच नारिंगी पेटलेली! मावसभावानं हिंमत करून बोट लावलं तर ट्यूब गार. एवढा वेळ चालू असलेल्या अँपमधली ट्यूब गार असेल तर काय म्हणायचं.

प्लग काढला, फिल्टर कपॅसिटर रेझिस्टर लावून डिस्चार्ज केले. हे न करता कुणी आत हात घालू नका, ५ई३ मध्ये साडेतीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये तो साठून राहू शकतो, जीव जायला तेवढा पुरतो. आत बघितलं तर नव्या सॉकेटच्या नऊच्या नऊ पिना कोऱ्या. ट्यूब तापवणाऱ्या हीटरची वायरसुद्धा नाही! सॉकेटच्या मधल्या भोकात खालून एक नारिंगी एलईडी खोचलेला, तीच ती "पेटलेली ट्यूब". काळा गोळा ड्रायरनं गरम करून खरवडला तर आत ४५५८ नंबरचा आयसी (सिग्नल वाढवणारी छोटी चिप), दोन डायोड, चार-पाच रेझिस्टर, म्हणजे कुठल्याही स्वस्त डिस्टॉर्शन पेडलमध्ये असतं ते सर्किट, बाकी काही नाही. हीटरच्या ६.३ व्होल्टवरनं एक डायोड टाकून सात-आठ व्होल्ट डीसी केलेला, त्यावर तो आयसी आणि एलईडी दोन्ही चालत होते. डोकं आहे बघा माणसाला, ते सरळ कामात घातलं असतं तर.

पण मला खरा राग आला तो पुढच्या गोष्टीचा. त्या जुगाडामुळं हम (स्पीकरमधला घुंई आवाज) येत असणार, तो घालवायला त्यानं मेन्स कॉर्डची हिरवी अर्थची वायर आतून कापून टाकली होती. गिटारच्या तारा केबलमधून चॅसिसलाच जोडलेल्या असतात, चॅसिसला अर्थ नाही आणि उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर २३० व्होल्ट सरळ वाजवणाऱ्याच्या हातात. गायकाला बसलेला झटका मंडपवाल्याचा नव्हता. अठरा हजार गेले तर परत मिळवता येतात.

गेलो विचारायला. म्हणलं, मामा, हे काय? अजिबात गडबडला नाही. "गेन पायजे म्हणलास, गेन आला की नाही? मग आत काय हाय त्याचं तुला काय करायचंय?" आम्ही आवाज चढवला तसा तो शेजारच्या दुकानदाराशी कन्नडात बोलायला लागला, त्यातलं निम्मं मला कळतं हे त्याला माहीत नसावं. याला भाषेचा रंग कुणी देऊ नका, त्यानं फसवलेला हुबळीकडचा एक कन्नड मुलगा नंतर आम्हाला भेटलाय. शेवटी ५,००० परत दिले, बाकी "पुढच्या महिन्यात". ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, तिथं आणि एका वकील काकांनी सांगितलं की बिल नसलं तरी जीपेची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि फोटो पुरावा म्हणून लावता येतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. तो अर्ज आता तयार होतोय.

कुणी अशी स्टेज वाढवून देत असेल तर पैसे द्यायच्या आधी त्याच्यासमोर अँप बंद करून, गार झाल्यावर ती नवी ट्यूब काढायला लावा आणि परत चालू करा. सिग्नल खरोखर तिच्यातनं जात असेल तर आवाज बंद पडायलाच पाहिजे. मीटर धरता येणारा जाणकार सोबत असेल तर १२एएक्स७ च्या पिन १ आणि ६ (प्लेट) वर दीड-दोनशे व्होल्ट दिसतील, ३ आणि ८ (कॅथोड) वर एक-दीड व्होल्ट. दीड किलोओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर दीड व्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर करंट वाहतोय, म्हणजे ट्यूब काम करतेय. प्लगची अर्थ पिन आणि चॅसिस यात मीटर बीप करतो का हे पण बघा, ते तर प्लग काढूनच होतं. आणि आत काळा गोळा दिसला तर तो तिथंच फोडायला सांगा.

अर्थ आम्ही परत जोडलीय, गोळा काढला, पहिल्या सॉकेटला १२एएक्स७ आहे आणि सध्या त्यावरच भागवतोय. आमची १२एवाय७ कुठं विकायला आलेली दिसली तर कळवा, पिवळी छपाई अर्धी पुसलेली आहे आणि काचेवर टोकाजवळ निळ्या मार्करचा ठिपका आहे.