28,650 रुपये मोजले आणि पुन्हा चपाती खाल्ली

हे लिहायला चार महिने लागले, कारण लाज वाटत होती. मी शिकलेली आहे. सिलिॲक म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार, हे मला चांगलं माहीत आहे, 2022 मध्ये दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून निदान झालेलं आहे. तरीही फसले.

दोन वर्षं गहू आणि जव बंद होते, तरी पोट शांत नव्हतं. जेवलं की फुगायचं, आठवड्यातून दोनदा जुलाब, वजन 51 किलोच्या वर सरकत नव्हतं. कोल्हापुरात राहून मिसळीबरोबरचा पाव सोडला. लग्नाच्या पंगतीत पुरी बाजूला ठेवली. पाहुण्यांकडे रश्श्याच्या जेवणाला जाताना आपली भाकरी आपण डब्यातून नेली. एवढं करूनही त्रास होत असेल तर ग्लुटेनशिवाय आणखी काहीतरी बाधत असणार, असं मला वाटलं. त्यात माझं काय चुकलं? आजही मला ते चुकीचं वाटत नाही.

शेजारच्या वहिनींनी राजारामपुरीतल्या एका 'फूड सेन्सिटिव्हिटी' केंद्राचं सांगितलं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: मोफत वजन, भिंतीवर फोटो, 'मॅडम, आजच बुक केलं तर सवलत'. नोंदणीचे 500 आणि रक्ताच्या तपासणीचे 11,800 रुपये दिले. 96 पदार्थांची तपासणी होणार होती.

बारा दिवसांनी रंगीत रिपोर्ट आला. लाल म्हणजे बंद, हिरवं म्हणजे चालेल. लाल रकान्यात ज्वारी, तांदूळ, शेंगदाणे, तूरडाळ, अंडी, दही, लसूण. म्हणजे मी रोज जे जेवत होते ते सगळं. हिरव्या रकान्यात खेकडा, ब्रोकोली, सालमन मासा, जे मी जन्मात तोंडात घातलेलं नाही. आणि त्याच रकान्यात, चौथ्या ओळीत, गहू. त्याच्याखाली जव.

त्या ओळीवर मी बोट ठेवलं होतं. खरंच ठेवलं होतं. सिलिॲकच्या पेशंटला गहू हिरवा दाखवणारा कागद हातात असताना मी उठून बाहेर पडायला हवं होतं. मी काय केलं, तर विचारलं, "हे कसं काय?" समोरची मुलगी हसून म्हणाली, "मॅडम, दोन वर्षांत तुमच्या शरीरानं गहू स्वीकारलाय. आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धी चपाती घ्या, ताकद येईल." आणि मला ते ऐकायचंच होतं. दोन वर्षं घरात सगळ्यांसाठी चपात्या लाटायच्या आणि आपण भाकरी खायची, हे ज्यानं केलंय त्यालाच ते वाक्य कसं लागतं ते कळेल.

नंतर डॉक्टरांनी दोन मिनिटांत उलगडून सांगितलं. ही तपासणी आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजते, आणि आपण जे वरचेवर खातो त्याची ती रक्तात सापडतातच. त्यातून त्रास ठरत नाही. युरोपातल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेनं 2008 मध्येच सांगितलंय की अन्न सोसत नाही हे ठरवायला ही तपासणी वापरू नये. मी गहू खात नव्हते म्हणून गहू हिरवा, ज्वारी खात होते म्हणून ज्वारी लाल. एवढाच अर्थ. त्यासाठी 11,800.

वर 'आतडं दुरुस्त करणारी' पावडर. तीन डबे, एक 3,450 ला, म्हणजे 10,350. आणि तीन महिन्यांच्या सल्ल्याचे 6,000. एकूण 28,650 रुपये, सगळे यूपीआयनं. डब्यावर मोठ्या अक्षरांत ग्लुटेन-फ्री. मागे बारीक अक्षरांत माल्ट एक्स्ट्रॅक्ट. माल्ट सहसा जवाचंच असतं. डबा मागून वाचा, पुढून नाही. आपल्याकडे ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही.

महिन्याभरात वजन 46 वर आलं. भात-भाकरी बंद, चपाती सुरू, आणखी काय होणार?

मग तक्रार. पोलिस ठाण्यात दीड तास बसवून साहेब म्हणाले, "ताई, पैसे तुम्ही स्वतःहून दिले ना? पावती दिली ना? मग फसवणूक कुठली?" पावडरीसाठी एका सरकारी कार्यालयात गेले, तिथं म्हणाले डबा फोडलेला आहे, नमुना धरता येत नाही. फोडल्याशिवाय खाणार कशी होते मी? तपासणीबद्दल दुसऱ्या कार्यालयात, तर तिथं उत्तर असं की रक्त इथं घेतलं, पण लॅब परगावी, आमची हद्द नाही. तिसऱ्या टेबलावर म्हणाले, अर्ज मराठीत आणा. अर्ज मराठीतच होता! त्यांनी उघडलाच नव्हता. चार खेपा, चार रजा, आणि प्रत्येक ठिकाणी मलाच नजर, की एवढी शिकलेली बाई आणि असं कसं केलंत. केंद्रवाल्याला एकानंही फोन लावला नाही.

शेवटी आमच्या ह्यांनी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पावतीवर 'आहार सल्ला' एवढंच लिहिलंय, तपासणीचा उल्लेख नाही. पैसे देण्याआधी पावतीवर कशाचे ते लिहून घ्या.

आणि खरा त्रास कशाचा होता? टीटीजी ही रक्ततपासणी परत केली, सिलिॲकमध्ये ग्लुटेन पोटात जात असलं की ती वाढते. ती वाढलेलीच निघाली. चपातीमुळे असेल म्हणावं, तर आधीचा त्रास उरतोच. डॉक्टरांनी विचारलं, ज्वारी कुठं दळता? कोपऱ्यावरच्या गिरणीत. आपण 'ज्वारीवर ज्वारी घाला' म्हणतो, पण आदल्या गव्हाचं पीठ जात्यात राहतंच. शिवाय डबीतला हिंग, त्यात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला. आता घरगुती चक्की घेतली, त्यात गहू शिरू देत नाही. दूध दोन महिने बंद ठेवलं, कारण आतडं सोललेलं असताना दुधातली साखर पचत नाही. आतडं भरून आलं की परत चालू शकतं. बाकी पदार्थांसाठी वही. एका वेळी एकच पदार्थ बंद करायचा, दोन-तीन आठवडे बघायचं, परत सुरू करून बघायचं. तेही डॉक्टरांना सांगून. वही 40 रुपयांची आहे. शेंगदाणे, अंडी, लसूण, तूरडाळ, सगळं मला सोसतं.

परवा त्याच गल्लीतून गेले. बोर्ड तोच आहे. खाली नवीन ओळ रंगवली आहे: लहान मुलांची तपासणी सवलतीत, 7,500 रुपये.