गणितात पीएचडी: आपलं विद्यापीठ की राष्ट्रीय संस्था?

घरात आधी कुणी पदवीपर्यंत गेलेलं नाही, शाळा मराठी माध्यमाची, एमएस्सी तालुक्याच्या कॉलेजातून, प्रवर्ग राखीव. अशी मुलंमुली मला विचारतात की पेट, म्हणजे विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा देऊन जवळच्या विद्यापीठात नोंदणी करावी, की आयआयटी, आयसरसारख्या राष्ट्रीय संस्थेत जावं. मी दोन्ही ठिकाणी राहिलो आहे. आधी विद्यापीठात राज्याच्या फेलोशिपवर होतो, नंतर ती नोंदणी सोडून एका संस्थेत गेलो.

विद्यापीठाची बाजू हलकी नाही. गाईडशी मराठीत बोलता येतं, शंका विचारताना आधी इंग्रजी वाक्य जुळवावं लागत नाही. घरी आजारपण निघालं तर रात्रीच्या एसटीने सकाळी पोचता येतं. माझे गाईड रविवारीही वेळ द्यायचे. त्यांच्याइतकं आपुलकीने मला पुढे कुणी शिकवलं नाही.

तरीही मी निघालो, ते पैशांच्या कागदांमुळे. फेलोशिप चालू ठेवायला दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यायचा. त्यावर गाईडची सही, विभागप्रमुखांची सही, मग पीएचडी विभागाचा शिक्का. घरभाडे भत्त्याचा दाखला वेगळा. एखादी तारीख जुळली नाही की अख्खी फाईल परत. हप्ता यायचा तो अनेक महिन्यांचा एकदम, आणि तोवर मेसचं बिल थांबत नाही. आई फोनवर विचारायची, ‘जमा झाले का रे?’ मग मी तासिका तत्त्वावर शिकवायला घेतलं. सकाळी बीएस्सीला कॅल्क्युलस, दुपारी परत येईपर्यंत डोकं रिकामं. गणितात सलग चार तास बसल्याशिवाय काही हाती लागत नाही, आणि तेच चार तास गेले. सगळीकडे असंच असेल असं मी म्हणणार नाही. माझ्या बॅचच्या बहुतेकांचं मात्र हेच झालं.

संस्थेत पैसे महिन्याच्या महिन्याला यायचे. रक्कम म्हणाल तर २०२३ पासून जेआरएफचा (ज्युनियर रिसर्च फेलोशिप, पहिली दोन वर्षं) दर महिना ३७,००० आणि एसआरएफचा (सीनियर, त्यापुढची) ४२,००० आहे, आणि संस्था साधारण तोच धरतात.

दुसरा फरक कोर्सवर्कचा. विद्यापीठात यूजीसीच्या नियमाप्रमाणे किमान १२ क्रेडिट असतात, आणि त्यात संशोधन पद्धती नि प्रकाशन नैतिकता बरीच जागा खातात. संस्थेत जवळजवळ वर्षभर अल्जेब्रा, अ‍ॅनालिसिस, टोपोलॉजी पुन्हा पायापासून होतं. मेझर थिअरीच्या तासाला एकाने फळ्यावर शून्य मापाच्या संचांचा संयोग घेतला आणि त्याचंही माप शून्य लिहिलं. सरांनी एवढंच विचारलं, ‘संच किती आहेत? [०, १] मधला एकेक बिंदू घेतलास तर?’ एकेका बिंदूचं माप शून्य, पण सगळे मिळून माप एक. वर्ग गप्प. गणनीय, म्हणजे एक, दोन, तीन असे क्रमाने मांडता येणारे, हा शब्द मापाच्या व्याख्येत कशासाठी आहे, ते मला त्या दिवशी कळलं. छोट्या कॉलेजातून आलेल्यांसाठी हे वर्ष म्हणजे खरी मदत आहे.

त्याची किंमत क्वालिफायर, म्हणजे कोर्सवर्कवरची पात्रता परीक्षा. पहिलं सत्र जड जातं, आणि आपल्यासारखं कुणी आजूबाजूला नसतं याचा त्रास होतो. जाण्याआधी एमटीटीएसचं (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) चार आठवड्यांचं उन्हाळी गणित शिबिर करता आलं तर जरूर करा. १९९३ पासून चालू आहे, आणि तिथे भेटलेली मुलं पुढे उपयोगी पडतात. अर्ज भरताना हेही बघा: आयआयटी, आयसरला पीएचडी प्रवेशात आरक्षण आहे, टीआयएफआरला (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) प्रवेशातल्या आरक्षणाचा कायदा लागू नाही.

हाती सीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या संशोधन परिषदेची जेआरएफ असेल आणि गाईड मनासारखे मिळत असतील, तर विद्यापीठही चांगलं. घरची जबाबदारी अंगावर असेल तर कदाचित तेच बरं. नाहीतर माझा कल संस्थेकडे आहे.

विद्यापीठच ठरवलंत तर फॉर्म भरण्याआधी तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि शेवटचा हप्ता कधी आला ते विचारा.