मॉरिशसची ‘दगडांची’ सहल: जरूर घ्या, पण जहाजांचं दुकान गाळायला लावा

मॉरिशसमध्ये एक दिवसाच्या सहली मुख्यतः दोन तऱ्हेच्या विकल्या जातात. एक बोटीत बसवून छोट्या बेटांवर नेणारी, दुसरी गाडीत बसवून ‘दक्षिण’ दाखवणारी. आम्ही घेतली ती दुसऱ्या तऱ्हेची, पण जरा वेगळी. ‘हे बेट कसं जन्मलं ते पाहा’ अशी जाहिरात होती आणि भूगोल जाणणारा वाटाड्या मिळेल असं कबूल केलं होतं. चौघांची गाडी, चालवणारा तोच वाटाड्या, सगळे मिळून ६,५०० मॉरिशियन रुपये. प्रवेशशुल्क आणि जेवण आपलं आपण.

मी भूजल सर्वेक्षणातून निवृत्त झालेली बाई. मुरूम कुठे संपला आणि काळा पाषाण कुठे लागला हे बघत विहिरींच्या कडेला नोकरी गेली. तेव्हा अशी जाहिरात वाचून मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. आमच्या ह्यांना फोटो हवे होते, नणंदेला खरेदी आणि तिच्या चिरंजीवांना मोबाइलची रेंज. वाटाड्यानं चौघांपैकी तिघांना खूश केलं, हे एका दिवसात कमी नाही.

पहिला मुक्काम क्यूरपीपचा त्रू-ओ-सेर. पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-आं-फ्लाकहून निघालो तेव्हा कडक ऊन होतं. क्यूरपीपला पोचलो तर धुकं आणि भुरभुर. शहर आहे साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, बेटाच्या मधल्या पठारावर. आग्नेयेकडून येणारे वारे इथे चढतात आणि पाणी टाकतात. पठारावर काही ठिकाणी वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, आणि तासाभराच्या अंतरावरच्या पश्चिम किनाऱ्याला त्याचा पावही मिळत नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्याचा आणि दुष्काळी पट्ट्याचा हिशोब ज्याला ठाऊक आहे त्याला हे सांगावं लागत नाही. फक्त इथे ढग उलट्या बाजूनं येतात.

त्रू-ओ-सेर म्हणजे ज्वालामुखीचं तोंड. तीन-साडेतीनशे मीटर रुंद, सुमारे ८० मीटर खोल, आत दाट झाडी आणि तळाशी गाळात रुतलेलं थोडं पाणी. वरून गोल रस्ता आहे. स्थानिक लोक त्यावर सकाळचं फिरायला येतात. ज्वालामुखीच्या काठावर पाठीला बाम लावलेले आजोबा व्यायाम करताना बघून मला बरं वाटलं. विझलाय का? वाटाड्याचं उत्तर मला आवडलं: ‘सोया है, दीदी. मरा नहीं बोलते.’ तो भोजपुरी घरातला, आमच्याशी हिंदीत बोलत होता. शेवटचा लाव्हा वाहून हजारो वर्षं झाली असली तरी भूगर्भाच्या मानानं ती डुलकीच.

इथेच त्यानं सहलीतली सगळ्यात चांगली गोष्ट केली. डिकीतून एक गुंडाळी काढली, बॉनेटवर पसरली, चार कोपऱ्यांवर आमच्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. हिंदी महासागराच्या तळाचा नकाशा! पाण्याखालचे डोंगर, खाचा, पठारं सगळं दिसणारा. त्यानं मला विचारलं, घर कुठे? मी महाराष्ट्र म्हटल्यावर बोट मुंबईच्या पाठीमागे टेकवलं आणि खाली ओढत आणलं. लक्षद्वीप, मालदीव, चागोस. तिथे थांबून नकाशावरची समुद्रतळातली एक लांब भेग ओलांडली, आणि साया द माल्हा, नाझारेथ असे बुडीत उथळे पार करत मॉरिशसवर आला. मग आणखी दोनेकशे किलोमीटर नैर्ऋत्येला रियुनियन बेट. तिथे बोट ठोकून म्हणाला, ‘अभी यहाँ.’

ज्यांना हा हिशोब नवा असेल त्यांच्यासाठी: चूल जागेवरच आहे, वरचा तवा सरकतोय. या सगळ्यांसाठी पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्य वर येण्याची जागा एकच. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तिच्यावर आपला भारत होता, तेव्हा दख्खनचा सगळा काळा कातळ ओतला गेला. भारत उत्तरेला निघून गेला, मागे बेटांची माळ राहिली. दरम्यान महासागराच्या तळातली रुंदावणारी भेग या जागेवरून सरकली, म्हणून माळेचा अलीकडचा तुकडा आफ्रिकेच्या भूपट्टावर आला. मॉरिशस सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी समुद्रातून वर यायला लागलं. आता चूल रियुनियनखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ जगातल्या सर्वात जास्त जागत्या ज्वालामुखींपैकी एक. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरी रिमझिम पावसात, त्याच खडकावर उभं राहून, कुणीतरी बोटानं घरापासून तिथवर आणून सोडणं वेगळं. ६,५०० मधले निम्मे इथेच वसूल.

आता तक्रार. सहलीबरोबर एक छापील पत्रक देतात. त्यात लिहिलंय की मॉरिशस आफ्रिकेपासून ‘तुटून’ वेगळं झालं. साफ चूक. बेट लाव्हाचं आहे, खालून वर आलेलं. गोंधळ कुठून आला ते समजू शकते, कारण खरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. २०१३ मध्ये इथल्या किनाऱ्याच्या रेतीत झिरकॉन नावाच्या टणक खनिजाचे असे कण मिळाले की ज्यांचं वय ६६ कोटी ते जवळजवळ २०० कोटी वर्षं भरलं. ८० लाख वर्षांच्या बेटावर! शंका घेणारे म्हणाले, वाऱ्यानं आले असतील, कुणाच्या बुटाबरोबर आले असतील. मग २०१७ मध्ये रेती बाजूला ठेवून थेट खडक फोडला, साधारण ६० लाख वर्षांपूर्वीचा ट्रॅकाइट (लाव्हाचाच एक प्रकारचा खडक), आणि त्यात ३०० कोटी वर्षांपर्यंत जुने झिरकॉन सापडले. म्हणजे लाव्हा वर येताना वाटेतला एखादा जुना भूखंड खरवडत आला. मादागास्कर आणि भारत एकमेकांपासून दूर होताना मध्ये राहून गेलेल्या त्या तुकड्याला ‘मॉरिशिया’ म्हणतात. बेट त्याच्यावर बसलंय, त्याचं बनलेलं नाही. वाटाड्याला हे नीट माहीत होतं आणि पत्रकाची त्यालाही लाज वाटत होती. छापणाऱ्यांनी त्यालाच एकदा वाचायला द्यावं.

दुसरी तक्रार मोठी. क्यूरपीपहून निघाल्यावर गाडी परस्पर लाकडी जहाजांच्या दुकानासमोर उभी राहिली. कार्यक्रमपत्रिकेत हे कुठेही नव्हतं. जहाजांच्या प्रतिकृती बनवण्यात इथल्या कारागिरांचा हातखंडा आहे, काम सुंदर होतं, नाकारत नाही. पण तिथे चहा, मग गालिचे, मग दागिने, असा तास गेला. नणंद दोन पिशव्या घेऊन बाहेर आली म्हणून घरच्या आघाडीवर मी बोलू शकले नाही. इथे बोलते: बुकिंग करतानाच ‘दुकान नको’ असं लेखी घ्या. हा तास पुढे दक्षिण किनाऱ्यावरच्या ग्री-ग्रीच्या वाट्यातून कापला गेला.

गंगा तलावाला, म्हणजे ग्रां बासेंला, फार वेळ लागत नाही. विवराचंच तळं; काठावर देवळं, अलीकडे १०८ फुटांचा शंकर. महाशिवरात्रीला बेटभरचे लोक कावडी घेऊन इथे चालत येतात. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. माशांना लाह्या टाकणारी दोन मुलं आणि प्रसादाची केळी पळवायला टपलेली माकडं.

मग दक्षिण किनारा. मॉरिशसभोवती प्रवाळाचं कडं आहे, लाटा त्याच्यावरच फुटतात आणि आत शांत खाजण राहतं; ते पांढऱ्या वाळूचे फोटो त्यामुळेच. वाळूही प्रवाळाची आणि शिंपल्यांचीच, दगडाची नाही. (खाजणातून वाळू उपसायला २००१ पासून बंदी आहे, बांधकामाला काळा दगड भरडून कच वापरतात. आमच्यासारख्यांना हे समुद्रस्नानापेक्षा रोचक वाटतं.) सुयाकजवळ ग्री-ग्रीला मात्र हे कडं तुटलेलं आहे. मध्ये अडवणारं कुणी नाही, अख्खा महासागर येऊन कातळावर आदळतो.

इथे वाकून दगड बघा. वरचा थर जाळीदार, वाफेच्या फुग्यांनी पोखरलेला. करंगळी जाईल अशी भोकं, लाव्हा ज्या दिशेनं वाहिला त्या दिशेनं ताणून लांबट झालेली. त्याखाली वीतभर तांबूस माती, आणि तिच्याखाली घट्ट काळा पाषाण. तो तांबूस पट्टा दिसला आणि मी बसलेच. आपल्याकडे घाटातल्या दोन लाव्हाथरांमध्ये असतो तोच हा भाजलेला लाल थर. पहिला लाव्हा आला, थंडावला, त्याच्यावर माती तयार होण्याइतका काळ लोटला, मग दुसरा आला आणि मातीला भाजून गेला. एका फरकानं: आपल्याकडच्या थरांत भोकं बहुतेकदा भरलेली असतात, झिओलाइट या पांढऱ्या खनिजानं आणि गारेनं, म्हणून विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. इथली मी पाहिली ती भोकं रिकामी. कातळ कोवळा आहे अजून. मला इथे दीड तास हवा होता, मिळाला पाऊण. बाकीच्यांना पाऊणही जास्त झाला, हेही सांगते.

शामारेलच्या ‘सात रंगांच्या मातीला’ माझे गुण मध्यम. कुंपणाबाहेरच्या लाकडी मार्गावरून बघायचं: उघडे बोडके उंचवटे, तांबडा, तपकिरी, जांभळट, निळसर असे पट्टे, पावसानं पाडलेल्या घळी. दगड सडला की काय होतं त्याचा हा नमुना. दमट उष्ण हवेत काळा पाषाण कुजून त्याची चिकणमाती झाली, विरघळणारं ते पाण्यानं नेलं, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. लोहानं लाली, ॲल्युमिनियमवाल्या भागानं निळी-जांभळी झाक. आपला कोकणातला जांभाही याच कुळातला. सात रंग मोजायला जाऊ नका, प्रकाश असेल तसे चार दिसतात नाहीतर नऊ. बाजूला अल्दाब्रा बेटाची प्रचंड कासवं ठेवली आहेत. चिरंजीवांनी मोबाइल खिशात ठेवला तो इथेच, आणि तोही कासवांसाठी.

वाटेत उसाच्या फडांमध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, काही पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले. पत्रकात त्यांचा उल्लेखही नाही, वाटाड्यानं आपणहून गाडी थांबवली. फड काढायचा तर आधी दगड वेचायला हवेत. ते हातांनी वेचले. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ साडेचार लाख करारबद्ध मजूर इथे आणले गेले, त्यांत कोकणातलेही होते. गणेश चतुर्थीला या देशात सुट्टी असते ती त्यांच्याच वंशजांमुळे. मी एक दगड उचलून पाहिला. पपईएवढा होता आणि मला गुडघ्यापर्यंतच आला. माझ्या मते ही जागा सहलीत ठळकपणे असायला हवी, जहाजांच्या ऐवजी.

शेवटी ल मॉर्न. ५५६ मीटरचा एकटा उभा सुळका, पळून आलेल्या गुलामांचा आसरा, २००८ पासून जागतिक वारशात. चढायचं असेल तर त्यासाठी वेगळा दिवस आणि वेगळा वाटाड्या घ्या; या सहलीत फक्त पायथा. तिथे हेलिकॉप्टरवाले ‘समुद्राखालचा धबधबा’ विकतात. तो धबधबा नाही. उथळ कडेवरून वाळू आणि गाळ खोल पाण्याकडे घरंगळतो, वरून तसा भास होतो. भास सुंदर असेल, ह्यांनी फोटोसाठी चौकशीही केली, पण दर ऐकून परत गाडीत येऊन बसले.

थोडक्यात व्यवहाराचं: क्यूरपीपसाठी वाऱ्या-पावसाचं जॅकेट न्या, किनाऱ्यावर कितीही ऊन असलं तरी. ग्री-ग्रीला पाण्यात उतरू नका, ओढ जबरदस्त आहे. सहा-सात वर्षांखालची मुलं कंटाळतील. आणि पश्चिम किनाऱ्यानं परतताना उजवीकडची खिडकी पकडा. देशातलं सर्वात उंच ८२८ मीटरचं ब्लॅक रिव्हर शिखर आणि पहिल्या, मूळ ज्वालामुखीच्या कड्याचे उरलेले दात त्या बाजूला आहेत. भांडण होणार नाही; बाकी सगळे समुद्रासाठी डावीकडे बसतात.