‘मेटा’ भोवरा-संग्रह: एका वापरकर्त्याचे परीक्षण

समुद्रातील भोवऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने उपग्रहांच्या नोंदी स्वतः चाळून एकेक भोवरा शोधण्याची गरज उरू नये, यासाठी ‘सीएनईएस’ या फ्रेंच अंतराळ संस्थेच्या ‘आविसो’ सेवेवर ‘मेटा’ हा जगभरातील भोवऱ्यांच्या मार्गांचा संग्रह उपलब्ध आहे. नोंदणी केल्यावर तो विनामूल्य मिळतो. १९९३ पासून दररोज दिसलेल्या भोवऱ्यांचे केंद्र, त्रिज्या, केंद्र आणि कडा यांच्या पातळीतील फरक, फिरण्याचा वेग आणि सीमारेषा त्यात नोंदलेली असून चक्रीय आणि प्रतिचक्रीय (परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या) भोवऱ्यांच्या फायली वेगळ्या ठेवलेल्या आहेत.

या संग्रहाचा दर्जा पारखायचा तर त्याच्या मुळाशी असलेली मोजणी पाहावी लागते. उपग्रहावरचा रडार अल्टिमीटर, म्हणजे रडारने उंची मोजणारे उपकरण, आपल्या थेट खालच्या पट्टीवरचीच समुद्रपातळी मोजतो. ‘जेसन’ मालिकेतील उपग्रह सुमारे १० दिवसांनी पुन्हा त्याच मार्गावर येतो आणि विषुववृत्तावर त्याच्या शेजारच्या दोन मार्गांमध्ये साधारण ३१५ किलोमीटरचे अंतर राहते. समुद्रशास्त्रज्ञ चेल्टन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १६ आठवडे किंवा त्याहून अधिक टिकलेल्या ३५,८९१ भोवऱ्यांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांची सरासरी त्रिज्या सुमारे ९० किलोमीटर आणि पातळीतील फरक अवघा ८ सेंटिमीटर भरला. असा भोवरा एकट्या उपग्रहाच्या दोन मार्गांमधून सहज निसटतो. म्हणून अनेक उपग्रहांच्या नोंदी एकत्र केल्या जातात (२०१३ मध्ये इस्रोने सोडलेला भारत-फ्रान्सचा ‘सरल’ त्यांपैकीच एक) आणि मधल्या रिकाम्या जागा गणिताने भरल्या जातात. पडद्यावर दिसणाऱ्या रेखीव वाटोळ्या सीमारेषेत या भरणीचाही वाटा असतो, आणि नवख्या वापरकर्त्याच्या ध्यानात नेमके हेच राहत नाही.

तिसऱ्या आवृत्तीपासून भोवरे समुद्रपातळीच्या सरासरीपासूनच्या फरकावरून न शोधता पूर्ण गतिक पातळीवरून (कायमस्वरूपी प्रवाहांचा उंचसखलपणाही धरणाऱ्या समुद्रपातळीवरून) शोधले जातात, ही मला सर्वांत मोलाची सुधारणा वाटते. जोरदार कायमस्वरूपी प्रवाहाने नुसती जागा बदलली तरी फरकाच्या नकाशात तेथे भोवऱ्यासारखा आकार उमटतो. पूर्ण पातळीवर काम केल्याने असे फसवे आकार कमी होतात. प्रत्येक भोवऱ्यासाठी सर्वांत बाहेरची सीमा आणि सर्वाधिक सरासरी वेगाची सीमा अशा दोन रेषा दिल्या आहेत. भोवऱ्याने कोंडून नेलेल्या पाण्याचा विचार करताना दुसरी रेषा अधिक भरवशाची, असे माझे मत आहे. भोवरा काही दिवस दिसेनासा झाला, तर त्या काळातील अंदाजाने भरलेल्या नोंदींवर खूण केलेली असते. हा प्रामाणिकपणा इतर संग्रहांनीही उचलावा.

सर्व उपग्रह वापरलेली आणि दोनच उपग्रहांवर आधारलेली, अशा दोन आवृत्त्यांतून निवड करताना मात्र घाई करू नये. पहिलीत तपशील जास्त आहे, पण उपग्रहांची संख्या वर्षागणिक बदलत गेल्याने त्या आवृत्तीत भोवरे वाढलेले दिसले, तर ती वाढ समुद्रातली की मोजणीतली हे सांगता येत नाही. दीर्घकालीन कल तपासायचा असेल तर दुसरीच घ्यावी.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ सुटून दक्षिण अटलांटिक ओलांडणाऱ्या अगुल्हास भोवऱ्यांसारख्या मोठ्या, दीर्घायुषी भोवऱ्यांसाठी हा संग्रह उत्तम आहे. विषुववृत्ताजवळ तो कमजोर पडतो, कारण तेथे नकाशांचे विभेदन (बारीक तपशील दाखवण्याची क्षमता) सर्वांत ढोबळ असते आणि पाण्याच्या उतारावरून वेग काढण्याचे नेहमीचे सूत्रही तेथे लागू पडत नाही. किनाऱ्यालगत रडारच्या प्रतिध्वनीत जमीन मिसळत असल्याने तेथील नोंदीही जपून वापराव्यात. काही दशक किलोमीटर आकाराच्या छोट्या भोवऱ्यांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या ‘स्वॉट’ उपग्रहाच्या नोंदी थेट पाहणे योग्य ठरेल. तो सुमारे १२० किलोमीटर रुंदीचा पट्टा एकाच फेरीत मोजतो, मात्र त्याच मार्गावर परतायला त्याला २१ दिवस लागतात.