सावंतवाडीच्या बाजारातलं झाडपाल्याच्या औषधांचं दुकान: काय घ्यावं, काय तिथेच ठेवावं

आमचा वेंगुर्ल्याच्या वाटेवर काजूचा छोटा कारखाना आहे. बी वाफवायची, कटरवर फोडायची, गर सोलायचा. कामाला वाडीतल्याच बायका. टरफलातलं तेल हाताला लागलं की तळवे काळे पडतात, मग कातडी सुटते, आणि एखादीला ते थेट मनगटापर्यंत उततं. तोंडाला हात लागला तर डोळे सुजून बंद. म्हणून कातडीचं औषध घेताना मी फार चिकित्सा करते, आणि बाजारपेठेतल्या या जुन्या दुकानाबद्दल सविस्तर लिहिण्याचं कारणही तेच.

दुकान अरुंद आहे. पुढे लाकडी फळी, मागे हिरडा, बेहडा, वावडिंग, नागरमोथा, मंजिष्ठा यांच्या पिशव्या, आणि वर तेलाच्या बाटल्या. गल्ल्यावरचे काका वस्तू काढण्याआधी विचारतात, "कित्याक व्हया?" उत्तर पटलं नाही तर देत नाहीत. मी एकदा टाचेच्या भेगांसाठी बिब्बे मागितले, कारण आमच्या आजेसासूबाई बिब्बा तापवून त्याचं तेल भेगेत सोडायच्या. काका म्हणाले, "काजीचा काम करतास मां? मगे बिब्बो हातात पण घेव नको." त्यांचं अगदी बरोबर होतं. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच आम्रकुळातले. ज्याला काजूचं तेल उततं त्याला बिब्बा उतण्याची भीती जास्त, आणि बिब्ब्याने उठलेले फोड साधे नसतात. आंबे काढताना देठाच्या चिकाने ज्यांच्या गालावर डाग पडतात, त्यांनीही हे ध्यानात ठेवावं. गिऱ्हाईक समोर असताना माल न देणारा दुकानदार मला फार मोलाचा वाटतो.

त्यांनी त्या दिवशी दिलं ते कोकमाचं तेल, ज्याला आमच्याकडे भिरंडेल म्हणतात. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळायच्या. वर येणारी चरबी काढून घ्यायची आणि थिजत आली की हाताने वळायची. गोळा हातात घेऊन पाहावा: चांगला असेल तर फिकट पिवळसर, टणक, नखाने सहज खरवडला न जाणारा, आणि वास जवळपास नाहीच. खवट वास आला तर परत करावा. ते अंगाच्या उष्णतेला जेमतेम वितळतं, म्हणून नुसतं चोळून भागत नाही. मी सुरीने थोडं खरवडून लोखंडी पळीत घेते, निखाऱ्यावर धरते, आणि कोमट असताना भेगेत बोटाने भरते. आधी पाय धुऊन कोरडे करायचे, वरून जुने सुती मोजे घालून झोपायचं. सकाळी भेगेची कडा मऊ झालेली असते, चादरीला अडकत नाही. याच्याइतकं टाचेला उपयोगी पडलेलं महागडं मलम मला अजून मिळालेलं नाही. सोललेल्या तळव्यांवरही, कातडी पूर्ण मिटल्यावर, रात्री तेच लावायला देते.

पण हे तेल कातडीतला ओलावा धरून ठेवतं, जंतू मारत नाही. हा फरक पावसात जिवावर बेतू शकतो. लावणीच्या दिवसांत बायका कारखाना सोडून शेतात उतरतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, टाचा फुटतात, आणि फुटलेल्या कातडीतून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू अंगात शिरतात. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून ते शेतातल्या पाण्यात येतात, आणि सिंधुदुर्गात लेप्टो काय करतो हे कुणाला सांगायला नको. भिरंडेल लावलं म्हणजे पाय राखला असं समजून कुणी अनवाणी शेतात उतरू नये. गमबूट घालावेत, आरोग्य केंद्रातून गोळ्या देतात त्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात, आणि ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले की त्याच दिवशी दाखवावं. चिखल्यांवर तर हे तेल नकोच. तिथे आधीच ओल असते, वर तेलाचा थर बसला की बुरशीचं फावतं. बेचकं कोरडं ठेवायचं आणि बुरशीचं साधं मलम लावायचं.

उघड्या जखमेसाठी काका काहीच देत नाहीत. "साबणान धू आणि मेडिकलात जा," एवढंच. मला हेच पटतं. जखमेवर हळद दाबतात, पण स्वयंपाकघरातली हळद भाजीसाठी दळलेली असते, तिच्यात धूळ-माती असू शकते. कोयत्याचा, गंजक्या पत्र्याचा वार असेल तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुणं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, ही खरी कामं. आमच्या पेटीत पोव्हिडोन आयोडीनचं मलम असतं, पण थायरॉइडचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर तेही विचारूनच. डेटॉल पाणी न घालता ओतायची सवय मी मोठ्या कष्टाने मोडली. बाटलीवर पाणी किती घालायचं ते लिहिलेलं असतं. काजूच्या तेलाने आधीच भाजलेल्या हातावर ते तसंच ओतलं की कातडी आणखी जळते. "चुरचुरलं म्हणजे लागू पडलं" हा समज आमच्याकडे फार घट्ट आहे. काजूचं तेल लागलं तर खोबरेलाने पुसावं, साबणाने धुवावं, आणि मुळात रबरी मोजे घालावेत.

दुकानात करंजेल आणि उंडीचं तेलही मिळतं. उंडीचं तेल सांध्यांवर चोळायला नेतात, माझ्या सासऱ्यांना बरं वाटतं, एवढंच मी सांगू शकते. करंजेल लोक खरजेला लावतात. वास उग्र, खाज थोडी निवते, पण खरजेचा किडा कातडीच्या आत असतो. परमेथ्रिनचं मलम डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावल्याशिवाय ती घरातून जात नाही. कुठलंही नवं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस बघावं.

दुकानाबद्दल तक्रारही आहे, आणि ती मी काकांच्या तोंडावर केली आहे. तेलं पुन्हा वापरलेल्या बाटल्यांत भरलेली असतात, वर नाव खडूने, तारीख नाही, कुणी काढलं ते नाही. काकांना पाठ असतं, पण ते कुठे बाहेर गेले की गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला नसतं. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांत एक पायाला आणि एक फक्त दिव्याला असेल, तर हे चालणार नाही.

तरीही नायट्यासाठी तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब स्वतःच्या मनाने घेण्यापेक्षा मी या फळीसमोर उभी राहीन. त्या ट्यूबांत बहुधा स्टेरॉइड असतं. आमच्या एका बाईला कुठल्याशा मेडिकलातून चिठ्ठीशिवाय तसली दिली. आठवडाभर खाज गायब, मग नायटा कमरेभर पसरला आणि कातडी पातळ होऊन लाल रेघा उठल्या. काकांकडे नायट्याला टाकळ्याचं बी मिळतं. पण तिला त्यांनी तेही दिलं नाही, सरळ कातडीच्या डॉक्टरांकडे धाडलं.

भिरंडेलाचा मूठभर गोळा शंभराच्या आसपास पडतो आणि एका माणसाला अख्खा हंगाम पुरतो. दुपारी दुकान बंद असतं, सकाळीच जा, आणि काका स्वतः गल्ल्यावर असतील तरच घ्या.