मिनीसास : महाशीरची पिल्लं सोडण्याआधी ओढ्याला विचारून घ्यायचं साधन

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे सांगते.

मिनीसास हे यंत्र नाही, दोन पानांचा तक्ता आहे. दक्षिण आफ्रिकेत नद्या तपासण्याची एक मोठी पद्धत आहे, ती छाटून शाळकरी पोरांना झेपेल एवढी केली आणि 2004 मध्ये लोकांसमोर ठेवली. इंटरनेटवर फुकट मिळते. वाहत्या पाण्यात तळाचे दगड पायाने हलवायचे, खालच्या अंगाला जाळी धरायची, सुमारे पाच मिनिटं. जाळीत आलेले जीव 13 गटांपैकी कुठल्या गटातले ते ओळखायचं. प्रत्येक गटाला गुण आहेत, घाण पाणी न सोसणाऱ्याला जास्त, सोसणाऱ्याला कमी. सापडलेल्या गटांच्या गुणांची बेरीज करायची आणि गटांच्या संख्येने भागायची. सरासरी जितकी जास्त तितकं पाणी चांगलं. सातवीच्या पोराला येणारं गणित.

मी पाटण तालुक्यात हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. आमचा ओढा पुढे कोयनेला मिळतो. म्हाताऱ्या माणसांनी त्यात हातभर लांबीच्या खडशी, म्हणजे महाशीर जातीचे मासे, पाहिल्यात. आता खालच्या डोहात चिलापी सोडून फारसं काही लागत नाही. लोणावळ्याला टाटा पॉवरच्या वळवणच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महाशीरची पैदास होते हे मंडळाच्या पोरांनी कुठेतरी वाचलं आणि आपणही पिल्लं आणून सोडू म्हणून उठले. शेजारचे आबा म्हणाले, "पिल्लं सोडायची आन् जिलेटीनवाल्यास्नी आवतान द्यायचं व्हय?" जिलेटीनच्या कांड्या फोडून मासे मारणाऱ्यांबद्दलचा आबांचा मुद्दा खरा होताच. मला मात्र त्याच्याही आधीचा प्रश्न पडला होता. हे पाणी त्या पिल्लांना जगवेल का?

आधी पाण्यातला प्राणवायू मोजायचं थेंबांचं किट मागवलं. वाईट नाही, पण त्याचा आकडा त्या घटकेपुरता. भरदुपारी शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत असतं, तेव्हा आकडा झकास येतो. पहाट फुटायच्या आत त्याच डोहात मोजलं की तो घसरलेला असतो. मासा मरतो तो पहाटे. शिवाय 30 अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतच नाही, म्हणजे उन्हाळ्यात मुळात हात आखडताच. दगडाखालचा किडा मात्र कित्येक महिने तिथेच राहिलेला असतो. गेल्या महिन्यात कोणी डोहात ब्लिचिंग पावडर टाकून मासे मारले असतील तर किटला आज त्याचा पत्ता लागत नाही. किडे गायब झालेले असतात, त्यावरून लागतो. आणि महाशीरच्या पिल्लांचं खाणं बरंचसं हेच किडे.

खर्च म्हणाल तर तक्त्याची रंगीत झेरॉक्स आणि लॅमिनेशन. जाळी टेलरकडून मच्छरदाणीच्या कापडाची शिवून घेतली, बांबूला बांधली. ट्रे म्हणून आइस्क्रीमचा पांढरा फॅमिली पॅक. पांढराच हवा, रंगीत डब्यात अर्धे किडे दिसत नाहीत.

गावाच्या वर, देवराईच्या खालच्या अंगाला, जाळीत पहिल्यांदा आला तो दोन शेपट्यांचा, चपळ, काखेत केसाळ कल्ले असलेला किडा. इंग्रजीत त्याला स्टोनफ्लाय म्हणतात. तक्त्यात सगळ्यात जास्त गुण त्याला, 17. ट्रेमध्ये ठेवल्यावर तो पायांवर वर-खाली व्हायला लागला. "बाई, हा जोर काढतोय!" एक पोरगी ओरडली. साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी पडला की कल्ल्यांवरून पाणी फिरवायला तो असं करतो. लगेच ट्रेचं पाणी बदललं. त्याच जागी दगडाला चिकटून राहणारे चपटे मेफ्लाय (11), वाळूचं घर अंगावर वागवणारी कॅडिसची अळी (9), खेकडा आणि चतुराची अळी (प्रत्येकी 6), पोहणारे बारके मेफ्लाय आणि पाणनिवळ्या (प्रत्येकी 5), उडणाऱ्या माश्यांच्या अळ्या (2). बेरीज 61, गट 8, सरासरी 7.6.

गावाच्या खाली, जिथे गटार आणि गोठ्यांचं पाणी उतरतं, तिथे बारके मेफ्लाय, टाचणीच्या (चतुरासारखा पण बारीक किडा) अळ्या, पाणनिवळ्या, गोगलगायी, जळवा, गांडुळांसारखे किडे आणि तांबड्या अळ्या. बेरीज 24, गट 7, सरासरी 3.4. दोन जागांमध्ये चालत दहा मिनिटांचं अंतर. ग्रामसभेत मी भाषण केलं नाही. दोन्ही डबे टेबलावर ठेवले, वरच्यात जोर काढणारा किडा, खालच्यात तांबड्या अळ्यांचा गुंता. तक्रार अर्ज लिहून जे झालं नव्हतं ते तिथे झालं, शोषखड्ड्यांचा विषय पहिल्यांदा इतिवृत्तात आला.

आता कापलेला तारा. हा तक्ता किती जीव सापडले ते मोजत नाही, फक्त गट आहे की नाही बघतो. खालच्या जागी वरून वाहत आलेला एकच चुकार स्टोनफ्लाय जाळीत आला असता तर 24 चे 41 झाले असते, गट 8, सरासरी 5.1. एका किड्याने सरासरी दीडपट केली असती. म्हणून आम्ही तक्त्याशेजारी स्वतःचा रकाना आखला : एक, थोडे, पुष्कळ. दुसरं म्हणजे गुण आणि 'नैसर्गिक', 'चांगली', 'वाईट' हे शिक्के तिकडच्या नद्यांवरून ठरवलेले. सह्याद्रीच्या ओढ्याला ते जसेच्या तसे लावू नका. वरची जागा विरुद्ध खालची, यंदा विरुद्ध गेल्या वर्षी, अशी तुलना करा, तिथे ते पक्कं काम देतं. मेफ्लायच्या दोन गटांत पोरं हमखास गोंधळतात, आणि 5 व 11 मध्ये फरक मोठा आहे. आणि मराठीत काहीच नाही. चित्रांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून आम्ही आमची नावं घातली.

वेळही सांभाळावी लागते. साचलेल्या पाण्याला, धरणाला, पूर आलेला असताना हे चालत नाही. आमच्याकडे होळीनंतर ओढा वाहायचा थांबतो, मागे डोह उरतात. दिवाळी ते जानेवारी हाच खरा हंगाम.

तक्त्याला विचारून उपयोग नाही अशाही गोष्टी आहेत. महाशीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून खडी-गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. वाटेत बंधारा असेल तर सरासरी कितीही छान येवो, सोडलेल्या माशांची पुढची पिढी होणार नाही. आमच्या ओढ्यावर असे बंधारे आहेत. आणि सोडायचा तो मासा त्याच खोऱ्यातला हवा. आपली खडशी कृष्णेच्या खोऱ्यातलीच. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सने 1839 मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. हाच मासा कावेरीत नेऊन सोडला, तर तिथला मूळचा कुबडा महाशीर मागे हटत गेला. त्याचं शास्त्रीय नाव 2018 मध्ये पक्कं झालं तेव्हा तो नष्ट होण्याच्या काठावर होता. मोटारसायकलला कॅन बांधून कुठूनही पिल्लं आणू म्हणणाऱ्या उत्साही पोरांना मी हे दोनदा ऐकवलंय.

पिल्लांचा अर्ज तूर्त माझ्या कपाटात आहे. खालच्या जागी चपटे मेफ्लाय आणि कॅडिस परतून दोन हिवाळे टिकले, तर काढीन.

शाळा, मंडळं, ट्रेकिंगवाले, सगळ्यांनी जरूर वापरा. सोबत जुने बूट घ्या, शेवाळलेल्या दगडावर चप्पल घसरते. किडे मोजून झाले की पाण्यात परत सोडा, दगड होते तसे ठेवा. आणि एका ओढ्यातली जाळी उन्हात खडखडीत वाळवल्याशिवाय दुसऱ्या ओढ्यात घालू नका.